वाचकांचे प्रश्न : मोफत मासेमारीचे सार्वजनिक तळे

कोणीही यावे, प्रवेशासाठी एक पैसाही देऊ नये, काठावर बसून गळ टाकावा आणि कंटाळा आल्यास झाडांखालच्या वाटेने फेरी मारावी, अशी सोय असलेल्या तळ्यांविषयी गेल्या काही अंकांपासून सातत्याने पत्रे येत आहेत. त्यांतील निवडक पत्रे थोडी आटोपशीर करून येथे घेतली आहेत. ज्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला होता, त्यांचे उत्तर एकत्र दिले आहे.

प्रश्न : फलकावर ‘प्रवेश मोफत, मासेमारी मोफत’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असूनही तेथील देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्याने माझ्याकडे परवाना मागितला. ही जनतेची दिशाभूल नव्हे काय? आणि मोफतच द्यायचे तर किती मासे न्यायचे यावर बंधन कशासाठी?

उत्तर : आपला राग समजण्याजोगा आहे, परंतु येथे दोन निरनिराळ्या गोष्टी एका शब्दात गुंतल्या आहेत. तळ्याच्या काठावर येऊन बसण्याचे शुल्क ही एक गोष्ट आणि मासा पकडण्याची परवानगी ही दुसरी. अनेक देशांत सार्वजनिक पाण्यातील मासे ही सर्वांची मालमत्ता मानली जाते आणि ती घेण्याचा परवाना मत्स्य विभाग देतो. तळे सांभाळणारी संस्था बहुधा वेगळी असते आणि ती ‘मोफत’ म्हणते ते फक्त स्वतःच्या जागेपुरते. बहुतेक ठिकाणी लहान मुलांना परवाना लागत नाही, काही ठिकाणी ज्येष्ठांना सवलत असते, तर काही ठिकाणी वर्षातील ठरावीक दिवशी सर्वांनाच परवान्याशिवाय गळ टाकता येतो. त्यामुळे फलकावरील मोठी अक्षरे वाचून झाल्यावर खालची बारीक अक्षरेही वाचावीत. बंधने तेथेच लिहिलेली असतात.

मोफत असले तरी खर्च कोणी तरी केलेलाच असतो. अमेरिकेत १९५० साली संमत झालेल्या कायद्यानुसार मासेमारीच्या साहित्यावर उत्पादकांकडून कर घेतला जातो आणि त्या पैशातून राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठी निधी मिळतो. म्हणजे तेथे काठी आणि गळ विकत घेणारा माणूस नकळत तळ्याचा खर्च उचलत असतो. इतरत्र तो भार परवाना शुल्कावर किंवा सामान्य करांवर पडतो.

आता संख्येच्या बंधनाकडे वळू. समजा, एखाद्या लहान तळ्यात ५०० मासे सोडले आणि रोज ५० माणसांनी प्रत्येकी ५ मासे नेले, तर दुसऱ्या दिवशी सूर्यास्तापर्यंत तळे रिकामे होईल. नदीत वरून-खालून मासे येत राहतात. तळ्याला तशी वाट नसते आणि गर्दीच्या तळ्यात नैसर्गिक प्रजननाचा वेग माणसांच्या वेगाला कधीच पुरत नाही. म्हणून किती न्यायचे याची मर्यादा असते. किती लांबीचा मासा न्यायचा, याची मर्यादा वेगळ्या कारणासाठी असते : एखाद्या जातीची मादी निदान एकदा तरी अंडी घालून मोकळी व्हावी, इतके आयुष्य तिला मिळावे. मासा मोजताना तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजायचा की शेपटीच्या खाचेपर्यंत, हेही ठिकाणानुसार बदलते. त्यावरून काठावर वाद होताना मी स्वतः पाहिले आहेत आणि त्यांत मासा सोडून सर्वांचाच आवाज चढलेला असतो.

प्रश्न : सुटीच्या दिवशी आम्ही सकाळी अकराला पोहोचलो आणि चार वाजता रिकाम्या हातांनी परतलो. शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना आम्ही येण्यापूर्वीच चार मासे मिळाले होते. मुलांच्या गडबडीने मासे पळाले, असे त्यांचे म्हणणे होते. ते खरे आहे काय? आमचे नेमके काय चुकले?

उत्तर : मुलांची बाजू आधी घेतो. हवेतील आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आदळला की त्याची जवळजवळ सारी ऊर्जा परावर्तित होते. सुमारे हजारावा भागच पाण्यात उतरतो. त्यामुळे मुले हसली, भांडली किंवा गाणी म्हणाली, तरी माशांना त्याचा फारसा पत्ता लागत नाही. धावणाऱ्या पावलांचे मात्र तसे नाही. माशाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत एक संवेदनशील रेषा असते. पाण्याची लहानशी हालचालही तिला जाणवते. लाकडी धक्क्यावर आपटलेला पाय किंवा काठावरून ढकललेला दगड म्हणूनच बोलण्यापेक्षा शंभरपट वाईट. मुलांना गप्प बसवण्यापेक्षा एका जागी बसवणे अधिक उपयोगाचे, जरी ते अधिक अवघड असले तरी.

दुसरी बाब दिसण्याची. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सारे जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत सामावलेले दिसते. त्या खिडकीपलीकडे पाण्याचा पृष्ठभाग आरसा होतो आणि त्यात तळ्याचा तळच उमटतो. काठावर ताठ उभा असलेला माणूस या खिडकीत ठळक दिसतो, तर काठापासून दोन पावले मागे सरून बसलेला माणूस तिच्या कडेला दबून पुसट होतो. ते वृद्ध गृहस्थ बसले होते आणि आपण उभे होता, असा माझा अंदाज आहे.

तरीही मुख्य कारण वेळ हेच असावे. मासा आपले शरीर स्वतः तापवू शकत नाही. आजूबाजूच्या पाण्याचे जे तापमान, तेच त्याचे. पाणी जितके गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. तोच ५ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक माशांना ताण जाणवू लागतो आणि ते खाणे सोडून नुसते तग धरून राहतात. दुपारी वरचे पाणी तापते व प्रकाश थेट खाली उतरतो, तेव्हा मासे सावलीत, पाणवनस्पतींच्या कडेला किंवा खोल पाण्यात सरकतात. अगदी तळाशी जातील असे मात्र समजू नये. उन्हाळ्यात स्थिर तळ्यात गरम पाणी वर आणि जड, थंड पाणी खाली असे थर पडतात. तळाच्या थरात कुजणारा पाला प्राणवायू संपवून टाकतो आणि तेथे थंडावा असला तरी श्वास नसतो. म्हणून मासे मधल्या पट्ट्यात अडकतात. आपले आमिष तळावर पडून राहिले असेल, तर ते अकरापासून चारपर्यंत कोणी पाहिलेही नसेल. बूच, म्हणजे दोरीवरचा तरंगता खुणेचा तुकडा, वरखाली सरकवून आमिषाची खोली बदलत राहणे, हा यावरचा साधा उपाय आहे.

पहाट आणि संध्याकाळ चांगली, असे सर्वजण सांगतात आणि ते बहुधा खरेच असते. परंतु शेवाळाने हिरव्यागार झालेल्या तळ्याला हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. दिवसा शैवाल प्रकाशावर प्राणवायू तयार करते आणि रात्रभर तेच तो वापरत राहते. परिणामी सूर्य उगवण्याच्या सुमारास पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. कडक उन्हाळ्यात एखाद्या सकाळी तळ्यात अचानक मेलेले मासे तरंगताना दिसतात. त्यामागे बहुधा विष नसते, अशीच एखादी रात्र असते. तशा तळ्यावर उजाडल्यावर तास-दोन तास थांबून गळ टाकलेला बरा.

राहता राहिला गळ. नवखे लोक हमखास मोठा गळ घेतात. मोठ्या गळाला लहान तोंडाचे मासे नुसते ढुसण्या देतात, बूच हलते, आपण ओढतो आणि आमिष गेलेले असते. लहान गळाला छोटा मासा लागतो आणि मोठाही लागतो. आमिषाचेही तसेच आहे. गळाच्या आकाराला पुरेल एवढा गांडुळाचा तुकडा किंवा मळलेल्या पिठाची गोळी पुरे. गळ पूर्ण झाकून वर लोंबत ठेवलेले आमिष माशांना खाऊ म्हणून दिल्यासारखेच होते. शिवाय, तळ्यात मासे कधी सोडले, हे तेथे विचारून ठेवावे. समशीतोष्ण प्रदेशांत थंडीच्या दिवसांत रेनबो ट्राउट आणि उन्हाळ्यात कॅटफिश सोडण्याची पद्धत आढळते, कारण ट्राउटला थंड पाणी लागते आणि साधारण २० अंशांच्या वर तो त्रासू लागतो. नुकतेच सोडलेले मासे पहिले काही दिवस थव्याने एकत्र राहतात; ते दिवस नवख्यांचे.

प्रश्न : सहा आणि नऊ वर्षांच्या मुलांना प्रथमच नेत आहे. साहित्य काय घ्यावे आणि कशाची काळजी घ्यावी?

उत्तर : साहित्य जितके कमी, तितकी मुले अधिक काळ रमतात. मुलाच्या उंचीइतकी किंवा थोडी मोठी काठी, तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, एक बूच, एक लहान गळ आणि तो पाण्यात बुडवणारा छोटा भार, एवढ्यावर काम होते. दोरी गुंडाळणारे रीळ पहिल्या दिवशी नसले तरी चालते. गळाच्या टोकाशी असणारा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करून ठेवावा. त्यामुळे एखादा मासा निसटेल, पण तो गळ बोटात शिरला तर सहज बाहेरही येईल. उलट्या काट्यासकट गळ खोल रुतला असेल तर ओढाओढ न करता डॉक्टरांकडे जावे आणि धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती ते सांगावे. डोळ्यात किंवा डोळ्याजवळ गळ लागल्यास त्याला हात लावू नये. तो हलणार नाही असे करून तडक रुग्णालय गाठावे. याच कारणाने काठावरच्या प्रत्येकाने चष्मा किंवा गॉगल घालावा, असा माझा आग्रह असतो. गळ फेकण्याआधी मागे वळून पाहायचे, ही सवय मुलांना पहिल्या पाच मिनिटांत लावावी.

मात्र गळापेक्षा पाणी मोठे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांतील जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. बुडणारे मूल आरडाओरडा करते, हात हलवते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तोंड पाण्याखाली-वर होत असताना ओरडायला श्वासच नसतो आणि सारे काही शांतपणे घडते. म्हणून सहा वर्षांचे मूल हाताच्या अंतरावर असावे, दोघांनाही मापाचे जीवनरक्षक जॅकेट असावे आणि ‘आता कोण लक्ष ठेवत आहे’ हे मोठ्यांनी आपापसांत नाव घेऊन ठरवावे. चार मोठी माणसे असली की प्रत्येकाला उरलेले तिघे पाहत आहेत असे वाटते.

वरून जाणाऱ्या विजेच्या तारांखाली गळ टाकू नये, कारण आजच्या कार्बन तंतूंच्या काठ्या वीजवाहक असतात. ढगांचा पहिला गडगडाट ऐकू आला की काठी खाली ठेवून पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे थांबावे.

प्रश्न : आम्ही मासे खात नाही, पकडून लगेच सोडून देतो. तरीही नंतर काही मासे मेलेले दिसतात. सोडण्यात आमची काही चूक होत असेल काय?

उत्तर : होत असण्याची शक्यता आहे. माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर जंतूंपासून त्याचे रक्षण करतो. कोरड्या हाताने, कापडाने किंवा तापलेल्या लाकडी फळीवर ठेवल्याने तो निघून जातो आणि मासा काही दिवसांनी बुरशी लागून मरतो, आपल्या डोळ्यांसमोर नव्हे. म्हणून हात आधी ओले करावेत, मऊ जाळी वापरावी आणि शक्यतो गळ पाण्यातच काढावा. कल्ल्यांत बोटे घालून मासा उचलू नये. छायाचित्र हवेच असेल, तर आधी कॅमेरा तयार ठेवावा आणि नंतर मासा उचलावा. धावून आलेल्या माणसाला कोणी श्वास रोखून उभे राहायला सांगावे, तशी त्या वेळी माशाची अवस्था असते.

गळ घशाखाली गेला असेल तर तो उपसून काढण्याचा मोह टाळावा. तोंडाजवळ दोरी कापून गळ आतच ठेवलेले मासे, गळ ओढून काढलेल्या माशांपेक्षा अधिक जगतात, हे अभ्यासांत दिसून आलेले आहे. वर्तुळाकार, म्हणजे टोक आत वळलेला, गळ वापरल्यास हा प्रसंग कमी येतो, कारण तो बहुधा तोंडाच्या कोपऱ्यात अडकतो. फक्त तो वापरताना हिसका द्यायचा नसतो, सावकाश ताण द्यायचा असतो. सोडताना मासा पाण्यात सरळ धरावा आणि तो स्वतःच्या बळाने निघेपर्यंत थांबावे. पाणी फार तापलेले असेल त्या दिवशी मात्र सोडून देण्यासाठी पकडूच नये. झुंजून दमलेल्या माशाला हवा तेवढा प्राणवायू त्या पाण्यात नसतो.

प्रश्न : अशा तळ्यातील मासा खाण्यास सुरक्षित असतो काय?

उत्तर : तळ्यावर किंवा आरोग्य विभागाने सूचना लावली असेल तर ती अंतिम समजावी. सर्वसाधारणपणे, नुकता सोडलेला लहान मासा कमी धोक्याचा आणि अनेक वर्षे तेथेच वाढलेला मोठा, दुसरे मासे खाणारा मासा अधिक धोक्याचा. पारा अन्नसाखळीत पायरीपायरीने साठत जातो आणि तो मांसात असल्याने कातडी काढून किंवा शिजवून जात नाही. काही औद्योगिक रसायने मात्र चरबीत साठतात. ती कातडी, पोटाकडील चरबी आणि आतडी काढून टाकल्याने कमी होतात. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांनी रस्त्याचे पाणी वाहून येणाऱ्या तळ्यातील मोठे मासे टाळावेत.

प्रश्न : तळ्याच्या एका कोपऱ्यात हिरवा रंग ओतल्यासारखा थर जमला होता. आमचा कुत्रा तेथे पाणी प्यायला धावला. आम्ही वेळीच ओढले. उगाच घाबरलो काय?

उत्तर : अजिबात नाही. काठीने उचलल्यावर लांब धाग्यांसारखे लोंबते ते बहुधा साधे शेवाळ असते. रंगासारखे पसरते आणि काठीला नुसते माखते ते नील-हरित जिवाणूंचे असू शकते. त्यांतील काही प्रकार यकृतावर व मज्जासंस्थेवर परिणाम करणारी विषे तयार करतात आणि अंग चाटणाऱ्या कुत्र्यांना ती काही तासांत मारू शकतात. पाणी उकळून ही विषे जात नाहीत. अंगाला थर लागला असेल तर कुत्र्याला चाटू न देता स्वच्छ पाण्याने धुवावे आणि देखरेख करणाऱ्यांना कळवावे. त्या दिवशी मासेही नेऊ नयेत.

प्रश्न : घरच्या काचेच्या टाकीतील दोन गोल्डफिश फार वाढले आहेत. त्यांना तळ्यात सोडल्यास मुलांना वाईट वाटणार नाही. हरकत नसावी ना?

उत्तर : हरकत आहे आणि बहुतेक ठिकाणी कायद्याचीही आहे. मोठ्या पाण्यात गोल्डफिश कित्येक पटींनी वाढतो, तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि टाकीतील रोग सोबत आणतो. उरलेले जिवंत आमिष तळ्यात ओतणेही याच कारणाने अयोग्य. ते मासे विकत घेतले त्या दुकानाला किंवा मासे पाळणाऱ्या दुसऱ्या कोणाला द्यावेत. एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जाताना जाळी, बूट आणि डबे धुऊन पूर्ण वाळवावेत, कारण ओल्या जाळीतून शिंपल्यांची सूक्ष्म पिल्ले आणि रोगजंतू दोन्ही प्रवास करतात.

प्रश्न : माझे वडील चाकांच्या खुर्चीवर असतात. तरुणपणी ते उत्तम गळ टाकत. त्यांना नेणे शक्य आहे काय?

उत्तर : आधी एकटे जाऊन जागा पाहून यावी. वाहनतळापासून पाण्यापर्यंतची वाट टणक आणि सलग आहे काय, धक्क्याच्या कडेला चाक अडवणारी पट्टी आहे काय आणि कठडा किती उंच आहे, या तीन गोष्टी पाहाव्यात. सर्वांत दुर्लक्षित गोष्ट कठड्याची. अमेरिकेच्या २०१० च्या सुगम्यता मानकांनुसार, म्हणजे अपंगांच्या सोयींसाठीच्या नियमांनुसार, मासेमारीच्या धक्क्यावर कठडा असल्यास त्याचा निदान चौथा हिस्सा ३४ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटरपेक्षा, उंच असू नये, कारण त्याहून उंच कठड्यावरून बसलेल्या माणसाला काठी फिरवता येत नाही. मोजपट्टी घेऊन जावे. त्यांचा हात अजून चालत असेल, तर मुलांना गळ बांधायला त्यांनाच शिकवू द्यावे. आमच्यासारख्यांच्या लेखी उत्तरांपेक्षा ते लवकर समजते.

प्रश्न : मी मासे पकडत नाही, रोज तेथे फिरायला जातो. गेल्या आठवड्यात गवतात पडलेल्या दोरीत एक बगळा अडकलेला दिसला. मी काय करावयास हवे होते?

उत्तर : दोरी ओढू नये. त्यामुळे फास आवळतो किंवा गिळलेला गळ आत रुततो. बगळ्याची चोच डोळ्यांवर येते, म्हणून त्याच्या जवळ न जाता वन्यजीव बचाव पथकास किंवा तळ्याच्या कर्मचाऱ्यास बोलवावे आणि ते येईपर्यंत माणसे व कुत्री दूर ठेवावीत.

नायलॉन कुजत नाही आणि पाण्यात दिसतही नाही. दोरीला लावलेला शिशाचा भार तर आणखी घातक : पक्षी पोटात अन्न दळले जावे म्हणून खडे गिळतात, त्यांत तोही गिळतात. इंग्लंडमध्ये हंस मोठ्या संख्येने शिशाच्या विषबाधेने मरू लागल्यावर १९८७ साली लहान शिशाच्या भारांवर बंदी आली आणि त्यानंतर हंसांची संख्या सावरली. आता कथिल किंवा टंगस्टनचे भार मिळतात. गळ टाकणाऱ्या वाचकांनी तुटलेली दोरी बोटभर लांबीचे तुकडे करून बंद डब्यात घरी न्यावी. आपण रोज फिरता, तर खिशात एक छोटी कात्री आणि जुना डबा ठेवावा. सुटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्याजवळच्या झुडपांत आणि पाण्यावर झुकलेल्या फांद्यांत आधी पाहावे. नवख्यांच्या दोऱ्या सर्वाधिक तेथेच अडकतात.